कच्च्या चित्रातला ठिपका

१

रोज दुपारी चहाच्या वेळी वहिनी जिना चढून वर यायची आणि दारातूनच विचारायची, "वन्सं, आमचे साहेब आज कुठवर पोचले?"

वहिनी वयानं मोठी, मानानंही मोठी. 'वन्सं' आणि 'तुम्ही' ही नुसती थट्टा. मनापासून काही बोलायचं असलं की ती सरळ 'धाकटे' म्हणायची. धाकटी हे खरं तर घरातलं नाव. पण एकदा दादानं ऑफिसात फोन करून "धाकटी आहे का?" असं विचारलं, आणि तेव्हापासून ते तिथेही चिकटलं.

धाकटीचं काम बर्फ वाचायचं. उपग्रह ध्रुवावरून जाताना रडारच्या लाटा खाली सोडतो आणि परत आलेल्या लाटांवरून चित्र तयार होतं. त्याला उजेड लागत नाही, ढग आडवे येत नाहीत. गुळगुळीत पाणी काळं दिसतं, खडबडीत बर्फ पांढुरका, आणि जहाज म्हणजे एक लखलखता ठिपका. अशी चित्रं बघून धाकटी जहाजांना बर्फातून वाट आखून द्यायची. निम्मे दिवस ऑफिसात, निम्मे दिवस घरी, खिडकीजवळच्या टेबलावर.

त्या जहाजांपैकी एक दादाचं. दादा इंजिनवर होता. वहिनी चहाचा कप हातात धरून संगणकाच्या पडद्याजवळ वाकायची आणि ठिपक्यावर बोट ठेवायची. "इंजिनखोली कुठे यात?"

"अख्खं जहाज एवढंसं दिसतंय, त्यात इंजिनखोली कुठून दाखवू?"

"मग काय उपयोग तुमच्या उपग्रहाचा!"

या खेपेला निघण्याआधी दादा म्हणाला होता, "यंदा बर्फावर उतरायचंय, मोजणीची यंत्रं ठेवायला. सोबत पत्र्याची तिकोन देणारेत, घडीची. उघडून ठेवली की तुला वरून चमकताना दिसेल. तिच्याशेजारी उभा राहून मी हात हलवीन."

"रडारला हात दिसत नाही रे."

"म्हणजे तुझीच नजर कच्ची," असं म्हणून तो हसत जिना उतरला होता.

२

बातमी आली तेव्हा धाकटी ऑफिसात होती.

जहाजाशेजारचा बर्फाचा मोठा तुकडा दुभंगला होता. दोघं खाली उतरले होते. एकाला दोर टाकून वर ओढलं. दादा भेगेच्या पलीकडे राहिला. तेवढ्यात धुकं उतरलं, बर्फ जहाजालाच दाबायला लागला, आणि कप्तानानं जहाज मागे घेतलं. धुकं विरलं तेव्हा समोर तो तुकडा नव्हता.

ऑफिसातल्या साहेबांनी तिला खोलीत बोलावलं. "दोन वादळांच्या मधे थोडी उसंत आहे. विमान एक फेरी मारू शकतं, जास्त नाही. एकच जागा सांगायची. तू बघतेस, की ढगोबाला बघू दे?"

"मीच बघते."

ढगोबा शेजारच्या टेबलावर बसायचा. आधी ढगांच्या विभागात होता म्हणून ढगोबा. तो खुर्ची ओढून तिच्याजवळ येऊन बसला. ताज्या चित्रात दोन ठिपके होते. एक ठसठशीत, प्रवाहानं तो तुकडा जिथे वाहत जायला हवा, बरोबर तिथे. दुसरा बारीक, बराच लांब, आणि प्रवाहाच्या उलट दिशेला.

"हा बारका काय?" ढगोबानं विचारलं.

रडारच्या चित्रात एक भानगड असते. चकाकणाऱ्या वस्तूची खोटी खूण भलत्याच जागी उमटते, खिडकीच्या काचेत मागचा दिवा दिसावा तशी. ऑफिसात त्याला भूत म्हणत. जहाजांना जाणाऱ्या साफ चित्रात भुतं नसत. ती आधी पुसली जात. संगणक दर ठिपक्यापाशी धाकटीला विचारायचा, भूत आहे का, हो की नाही.

धाकटी त्या बारक्या ठिपक्याकडे बघत राहिली. भूत असतं तर ते किंचित फाटल्यासारखं, पसरट दिसलं असतं. हा टाचणीच्या टोकासारखा होता. पण बर्फाचा तुकडा प्रवाहाच्या उलट जाईल कसा? आणि दुसरंही एक तिच्या मनात होतं. खोलीतले सगळे तिच्याकडे बघत होते. बहीण आहे, हिला कुठलाही ठिपका भाऊच वाटणार, असं कुणी म्हणू नये, म्हणून ती त्या ठिपक्याशी जरा जास्तच कठोर झाली.

"भूत," ती म्हणाली.

"नक्की?"

"नक्की." आणि तिनं 'हो' दाबलं.

विमान ठसठशीत ठिपक्यावर गेलं. तिथे बर्फाचा एक मोठा चिरा उभा फुटून सुरीसारखा वर आलेला होता. बाकी काही नव्हतं. मग दुसरं वादळ आलं, आणि ते ओसरल्यावर शोध थांबवल्याचं साहेबांनी स्वतः घरी येऊन वहिनीला सांगितलं. वहिनीनं त्यांना पाणी दिलं, दारापर्यंत सोडलं, आणि वळून धाकटीला म्हणाली, "तू होतीस म्हणून बरं झालं गं. दुसऱ्या कुणी एवढं जीव लावून बघितलं नसतं."

३

ठिपका उपग्रहाच्या पुढच्या खेपेच्या चित्रात पुन्हा होता.

साफ चित्रात नाही, कच्च्या चित्रात. आणि तो सरकला होता. धाकटीनं आधी शांतपणे विचार केला. भूत उमटायला मूळ वस्तू लागते. जवळपास जहाज आहे का? नव्हतं. डोंगर, धातूचा मनोरा? तिथे नुसता समुद्र आणि त्यावरचा बर्फ. मग यंत्राचा दोष. तिनं दुसऱ्या उपग्रहाचं चित्र मागवलं. त्यातही होता, आणखी थोडा पुढे.

बर्फ एका बाजूला वाहत होता आणि ठिपका दुसऱ्या बाजूला जात होता. तिनं अंतर मोजलं, वेळेनं भागलं, आणि उत्तर बघून खुर्ची मागे सरकवली. दमलेला माणूस ज्या चालीनं चालेल, ती चाल.

संगणकानं विचारलं, भूत आहे का?

आता 'नाही' म्हणायचं म्हणजे काय, हे तिला स्वच्छ कळत होतं. आता नाही, तर मग तेव्हाही नाही. तेव्हा तो तिथे उभा होता, पाठीवरची तिकोन उतरवून, उघडून, वर आभाळाकडे तोंड करून. बहीण बघत असेल या भरवशावर.

तिनं 'हो' दाबलं.

त्यानंतर प्रत्येक खेपेला ठिपका असायचा आणि प्रत्येक खेपेला ती 'हो' म्हणायची. सुरुवातीला दाबण्याआधी ती थबकायची, पुढे थबकेनाशी झाली, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटायला लागली. दिवस जात होते. अन्नाशिवाय, त्या थंडीत इतके दिवस कुणी जगत नाही. म्हणजे आता तो दादा असूच शकत नाही, असं ती स्वतःला समजवायची. पण मन लगेच विचारायचं, मग पहिल्या दिवशी?

घरात तिचं जेवण तुटलं. वहिनी खालून ताट झाकून आणायची, तिच्यासमोर बसून खायला लावायची. "तू अशी वाळत गेलीस तर मी कुणाकडे बघायचं?" म्हणायची. धाकटी मान खाली घालून दोन घास गिळायची. जिन्यावर वहिनीची पावलं वाजली की ती पटकन पडदा बंद करायची.

एकदा ढगोबा चहा पिता पिता म्हणाला, "तुझं ते भूत बघितलं मी. अजून आहे."

"पुसतेय ना मी."

"ते दिसलं. मी विचारतोय, ते बर्फ दाबून उभ्या राहिलेल्या कड्यांपाशी वळसा घालून का जातं?" तो कपातल्या तळाकडे बघत म्हणाला, "भुतांना वळसा घालावा लागत नाही. आरपार जातात ती." मग स्वतःच ओशाळून हसला, आणि पुन्हा कधी तो विषय त्यानं काढला नाही.

४

वहिनीला ते कळलं पावलांमुळे. म्हणजे, पावलं न वाजल्यामुळे. त्या दुपारी ती अनवाणी वर आली होती.

"हे काय आहे?"

धाकटी दचकून वळली. वहिनी तिच्या खांद्यामागे उभी होती, हातात वाळलेल्या कपड्यांचा गठ्ठा. पडद्यावर कच्चं चित्र, करडं, कणीदार, आणि मधोमध तो.

"भूत," धाकटीच्या तोंडून निघून गेलं. कामाचा शब्द होता तो, सवयीनं आलेला. संगणकाचा पंखा तेवढा घुं घुं करत होता.

वहिनीनं गठ्ठा हळूच पलंगावर ठेवला. "आमच्याच जहाजाची जागा आहे ना ही?"

"त्याच्या जरा इकडे."

"हलतोय?"

धाकटीनं खोटं बोलायचा विचार केला, पण तोंड उघडलं तेव्हा खरंच बाहेर आलं. "चालतोय."

"कधीपासून दिसतोय?"

इथे मात्र तिची जीभ वळली. "इतक्यातच," ती म्हणाली. "थोडे दिवस झाले."

वहिनी खाली वाकली. पूर्वी जहाजावर ठेवायची तसं तिनं ठिपक्यावर बोट ठेवलं, आणि लगेच उचललं, चटका बसल्यासारखं. बोटाचं टोक दुसऱ्या मुठीत धरून ती उभी राहिली. धाकटीनं नंतर पडद्याला हात लावून बघितला. पडदा नेहमीसारखा कोमट होता.

"वहिनी, तो जिवंत असणं शक्य नाही. मी हिशेब केलाय."

"मी कुठे तसं विचारलं?" वहिनी म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, भाजीला काय आणू विचारावं तसा. "कप्तानाचं जहाज पुन्हा जाणार आहे ना तिकडे? त्यांना वाट तूच आखून देतेस. तिथून ने त्यांना."

"तसं करता येत नाही."

"धाकटे, मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं का गं?"

तिनं मागितलं नव्हतं. उलट धाकटीनंच तिच्याकडून घेतलं होतं, आणि वहिनीला त्याचा पत्ताही नव्हता.

५

तिनं वाट आखली. सरळ जाणारी मोकळ्या पाण्याची फट सोडून जहाजाला आतल्या अंगानं वळवलं आणि शेऱ्यात लिहिलं, बाहेरच्या बाजूला बर्फाचा दाब. दाब कुठेच नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा तिनं बर्फाबद्दल जाणूनबुजून खोटं लिहिलं. की दुसऱ्यांदा, हे तिला ठरवता येईना.

जहाज त्या जागी पोचलं तेव्हा कप्तानाचा उपग्रह-फोनवरून आवाज आला. दादा त्याच्या हाताखालचा. जहाज मागे घेतल्यापासून कप्तान कुणाच्या नजरेला नजर देत नसे, असं ऑफिसात बोलत.

"बाई, ही वाट लांबची आहे. बाहेर बर्फ मोकळा दिसतोय. तुम्ही मला इथे का आणलंत?"

धाकटी घरच्या टेबलाशी बसली होती. वहिनी शेजारच्या खुर्चीत, हात मांडीवर ठेवून. "थोडं थांबा तिथे," धाकटी म्हणाली. "इंजिन बंद नका करू. नुसतं थांबा."

मग कप्तान हलक्या आवाजात म्हणाला, "त्याच्यासाठी?"

"हो."

"इथे कुणी नाही हो. मी दिवे लावलेत चारी बाजूंनी. सपाट बर्फ आहे. पाऊलही नाही उमटलेलं."

फोनमधून इंजिनाची संथ घरघर येत होती. त्यात वारा. त्यात लांबून कुणाचं तरी ओरडणं. कप्तान फोन बाजूला धरून कुणाशी तरी बोलला, आणि धाकटीला ते अर्धवट ऐकू आलं. "शिडी कुणी सोडली रे? कुणी सांगितलं तुम्हाला शिडी सोडायला?"

मग एक आवाज आला. ओल्या लाकडावर काहीतरी जड टेकावं, थांबावं, आणि पुन्हा टेकावं, तसा. धिम्या लयीत. वरवर येणारा.

फोन तुटला.

उपग्रह त्यानंतर लगेचच तिथून गेला होता. चित्र आलं, तेव्हा त्यात जहाजाचा मोठा ठिपका होता. दुसरा नव्हता. धाकटीनं चित्र मोठं केलं, उजळ केलं, उलटसुलट केलं. संगणकानं या वेळी काहीच विचारलं नाही. विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

वहिनी उठली. "पोचले," म्हणाली, आणि खाली जाऊन तिनं दादाची खोली झाडायला घेतली. फरशीवरून पलंग सरकवल्याचा आवाज संध्याकाळपर्यंत येत होता.

६

परतीच्या वाटेवर कप्तानाचा आणखी एकदा फोन आला. एवढ्या दिवसांत त्याचा आवाज म्हातारा झाला होता.

"डेकवर पत्र्याची तिकोन मिळाली. आपल्याच जहाजाची. घडी घालून ठेवलेली."

"बर्फावर असेल. कुणीतरी उचलली असेल."

"कुणी उतरलंच नाही खाली." तो खोकला. "दुसरं असं की, इंजिनखोलीत एकटं जायला माणसं तयार होत नाहीत. तिथे काही वाईट नाहीये, असंही तीच सांगतात. इंजिन कधी नव्हे इतकं छान चाललंय. तेल घालायला जावं तर घातलेलं असतं. फडकी धुऊन, पिळून, दांडीवर वाळत घातलेली. पण ती वाळत नाहीत, बाई. भट्टीसारखी गरम खोली आहे ती, आणि फडक्यांवर बर्फ धरतो."

ही माणसं हादरलेली आहेत, धाकटीनं स्वतःला सांगितलं, मित्र गेलाय त्यांचा, आणि घाबरलेल्या माणसांना काय काय दिसतं. गार नळीजवळ फडकं ठेवलं तर त्यावर बर्फ धरणारच. हे सगळं तिला पटलंही. फक्त तिनं फोन कानापासून जरा लांब धरला.

"मी त्याला सोडून आलो होतो," कप्तान म्हणाला. "या खेपेला मी रोज इंजिनखोलीच्या दाराशी जातो आणि माफी मागतो. आतून कुणी काही म्हणत नाही. पण परत येताना जरा हलकं वाटतं." मग त्यानं विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय का त्याला? मी सांगेन."

"नाही," धाकटी म्हणाली. फार पटकन म्हणाली.

७

धक्क्यावर ऊन होतं. वहिनी नवा, जाड कोट हातावर घेऊन उभी होती, पुरुषाच्या मापाचा. धाकटीनं त्याबद्दल विचारलं नाही. जहाज लागलं, दोर बांधले गेले, उतरायची फळी टाकली. माणसं एकेक करून उतरली; वहिनीपाशी थांबून, मान खाली घालून पुढे गेली. सगळ्यात शेवटी कप्तान. तो फळीच्या तोंडाशी आला आणि बाजूला सरला, कुणाला तरी आधी वाट द्यावी तसा.

फळी मधे वाकली.

वाऱ्यानं असेल. दोर ढिला असेल. धाकटी मान वळवून पाण्याकडे बघायला लागली. पाण्यावर तेलाचा तवंग होता, त्यात एक लाकडाचा तुकडा हलत होता, आणि ती सारं लक्ष लावून त्या तुकड्याकडे बघत राहिली. मागे वहिनी काहीतरी पुटपुटत होती. कोट झटकल्याचा आवाज आला.

"चला," वहिनी म्हणाली.

धाकटीनं वळून बघितलं तेव्हा वहिनीच्या हातावर कोट नव्हता. ती पुढे चालायला लागली होती, एरवीपेक्षा पुष्कळ सावकाश, थकलेल्या माणसाच्या पावलात पाऊल टाकत. तिच्या पलीकडच्या बाजूला काय आहे ते वहिनीच्या अंगामुळे दिसत नव्हतं, आणि धाकटी ते दिसणार नाही अशा बेतानंच मागून चालत होती.

रस्त्यावर टॅक्सी मिळाली. धाकटी घाईनं पुढच्या सीटवर बसली. मागचं दार उघडलं, बराच वेळ उघडं राहिलं, मग लागलं. ड्रायव्हर गप्पिष्ट होता. कुठून आलात, कुठे जायचं, आज रस्त्याला गर्दी नाही. बोलता बोलता त्यानं आरसा नीट करायला हात वर नेला. हात तसाच राहिला. मग त्यानं आरसा हळूच छताकडे वळवून टाकला.

काही अंतर गेल्यावर, अगदी अदबीनं, समोर बघतच त्यानं विचारलं, "साहेबांसाठी हीटर लावू का?"

"लावा," वहिनी म्हणाली.

गरम वारा सुटला. गाडीत हळूहळू ओल्या लोकरीचा वास पसरला, तेलाचा, आणि त्याखाली कसलातरी स्वच्छ, टोचणारा, थंड वास. मागच्या पायदानावर थेंब पडायला लागले.

"धाकटे," वहिनी म्हणाली, "मागे बघ ना. केव्हाचे तुझ्याकडे बघताहेत."

धाकटीनं आपले हात मांडीत घट्ट दाबून धरले. बोट नुसतं हलवायचं होतं तेव्हा तिनं हलवलं होतं, एकदा, आणि नंतर रोज. आता मान हलवायची होती. आणि मान हलली तर गप्पही राहता येणार नव्हतं, आणि जे बोलायचं ते वहिनीच्या देखत बोलावं लागणार होतं. त्यानंतर वहिनी कधी ताट झाकून वर आणणार नव्हती. कधी 'वन्सं' म्हणणार नव्हती.

ती वळली.

वहिनी खिडकीपाशी बसली होती. तिच्या शेजारी नवा कोट होता, भरलेला, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. त्यावरून सीटचा पट्टा तिरका ओढून लावला होता. कॉलरच्या वर धाकटीची नजर टिकेना. ऊन पडलेल्या बर्फाकडे बघितल्यावर होतं तसं डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ती पुन्हा पट्ट्याकडे बघू लागली. पट्टा छातीवर वर येत होता, खाली जात होता. अतिशय सावकाश.

"दादा," ती म्हणाली. "दादा, मी तुला बघितलं होतं. पहिल्याच दिवशी. विमान निघायच्या आधी."

वहिनीची मान गर्रकन तिच्याकडे वळली.

पट्टा वर आला, आणि तसाच वर राहिला.